तिलिस्माचा कारागीर : देवकीनंदन खत्री

कोणत्याही भाषेच्या वाङ्मयाचा इतिहास उघडून पाहिला, तर त्यात लेखकांची चरित्रे असतात, ग्रंथांची समीक्षा असते, कालखंडांची विभागणी असते. फक्त एका घटकाला तिथे स्वतंत्र प्रकरण नसते, आणि तो म्हणजे वाचक. वाचक जणू आधीपासून तयारच असतो, लेखकाने लिहायचे तेवढे बाकी असते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात वाचकही घडवावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदीला असा वाचक घडवून देणाऱ्या एका कादंबरीकाराची ही ओळख आहे. ज्या लेखनाने त्याने हे काम केले, त्याला श्रेष्ठ साहित्य म्हणायला त्याच्याच भाषेतील पंडित तयार नव्हते. म्हणून तर हे चरित्र आपल्यासारख्या साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

देवकीनंदन खत्री यांचा जन्म १८ जून १८६१ रोजी बिहारमधील पुसा येथे, आजोळी झाला. योगायोग असा, की मराठीत अद्भुतरम्य कादंबरीची वाट पाडणारी लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' याच वर्षी प्रसिद्ध झाली. खत्रींचे पूर्वज मूळचे पंजाबातले. महाराजा रणजितसिंहांच्या मृत्यूनंतर लाहोरात जी अंदाधुंदी माजली, त्या धामधुमीत हे घराणे पंजाब सोडून काशीला आले. वडील लाला ईश्वरदास हे सधन गृहस्थ होते. देवकीनंदनांचे बालपण बरेचसे आजोळीच गेले आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांचे पहिले शिक्षण उर्दू-फारसीत झाले. हिंदी, संस्कृत व इंग्रजी यांचा परिचय पुढे काशीला आल्यावर झाला. पुढे ज्यांच्या पुस्तकांनी असंख्य लोकांना नागरी लिपीकडे ओढले, त्यांनी स्वतः अक्षरे गिरवली ती फारसी लिपीची, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तरुणपणी त्यांनी गयेत आपली पेढी घातली. जवळच्या टिकारी संस्थानाशी त्यांचा व्यवहार होता आणि काही वर्षे धंद्याला बरकतही चांगली होती. पुढे त्या संस्थानाचा कारभार सरकारी देखरेखीखाली गेल्यावर तिथला व्यवहार आवरून ते काशीला परतले. टिकारीच्या राजघराण्याचा काशीनरेशांच्या घराण्याशी नातेसंबंध होता. त्या ओळखीतून देवकीनंदनांना काशी संस्थानातल्या चकिया आणि नौगढ भागातील जंगलांचा ठेका मिळाला.

हा ठेका त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा ठरला. काशीच्या दक्षिणेला गंगेचे सपाट खोरे संपते आणि विंध्याच्या रांगा सुरू होतात. दाट अरण्य, खोल दऱ्या, कर्मनाशा आणि चंद्रप्रभा या नद्या, राजदरी-देवदरीसारखे धबधबे असा तो मुलूख. त्यात ठिकठिकाणी जुने किल्ले, पडके वाडे, भुयारे, कोरड्या पडलेल्या बावड्या. गंगाकाठी चुनारगड आणि दूर डोंगरात विजयगड उभा. लाकडाच्या व्यवहारासाठी देवकीनंदन या प्रदेशात महिनोन् महिने हिंडले आणि ते अवशेष त्यांनी डोळे भरून पाहिले. या भिंतींमागे काय असेल, हे भुयार कुठे निघत असेल, असे प्रश्न तिथे कोणाच्याही मनात आले असते. देवकीनंदनांनी त्यांची उत्तरे कल्पनेने रचली. काही काळाने ठेका हातचा गेला. उत्पन्नाचे साधन गेले, पण जंगल मनात भरून राहिले होते. तिशीही न गाठलेल्या या ठेकेदाराने लेखणी हाती घेतली.

सन १८८८च्या सुमारास 'चंद्रकांता' प्रसिद्ध होऊ लागली आणि चार भागांत ती पूर्ण झाली. कथेचा सांगाडा साधा आहे. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगडची राजकन्या चंद्रकांता यांचे एकमेकांवर प्रेम आहे. विजयगडच्या वजिराचा मुलगा क्रूरसिंह याला राजकन्याही हवी आहे आणि राज्यही. तो चुनारच्या शिवदत्ताला जाऊन मिळतो आणि मग डाव-प्रतिडावांची साखळी सुरू होते. कथानक एवढेच असते, तर ती इतर प्रेमकथांत हरवून गेली असती. वाचकाला खिळवून ठेवले ते दोन गोष्टींनी : ऐयार आणि तिलिस्म.

ऐयार म्हणजे राजाच्या पदरचा हेर, पण निव्वळ हेर नव्हे. वेष पालटणे, आवाज बदलणे, दुसऱ्याचा हुबेहूब चेहरा धारण करणे, पळणे, पोहणे, औषधींचे ज्ञान या सर्वांत तो निष्णात असतो. त्याच्या कमरेला बटवा असतो. त्यात बेशुद्ध करणारी पूड, शुद्धीवर आणणारा 'लखलखा' नावाचा हुंगायचा पदार्थ आणि रंगरोगणाचे साहित्य असते. तट चढण्यासाठी 'कमंद' नावाची दोरी त्याच्याजवळ असते. एका ऐयाराने दुसऱ्याचा जीव घ्यायचा नाही, कैद करून ठेवायचे, असा त्यांचा आपसांतला धर्मही आहे. तेजसिंह हा यांतला अग्रणी. शिवाय चपला आणि चंपा या स्त्री-ऐयाराही आहेत. ज्या काळात घराबाहेर पडणारी नायिका दुर्मीळ होती, त्या काळात चपला वेष पालटून शत्रूच्या गोटात शिरते आणि पुरुषांना चकवते. समाजसुधारणेचा झेंडा हाती न घेताही खत्रींनी अशी स्त्री हजारो घरांत नेऊन पोहोचवली.

तिलिस्म ही कल्पना मूळ फारसी-उर्दू दास्तानांमधली. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३पासून 'तिलिस्मे होशरुबा'चे जाडजूड खंड निघत होते आणि त्यांचे वेड मोठे होते. त्या दास्तानांत जादूगार आहेत, मंत्र आहेत, परीलोक आहे. खत्रींनी तिलिस्म घेतले आणि त्यातली जादू काढून टाकली. त्यांच्या कादंबरीतले तिलिस्म म्हणजे पूर्वीच्या राजांनी कुशल कारागिरांकडून बांधून घेतलेली, खजिना सांभाळणारी एक अजस्र वास्तू. तिथला पुतळा हलतो तो कळीने, दार उघडते ते यंत्राने, माणूस भुलतो तो औषधी धुराने. योग्य माणूस योग्य क्रमाने गेला तरच हे कोडे सुटते. बारकाईने पाहिले, तर हा मोठाच पालट आहे. देवकीनंदनांनी चमत्काराला कार्यकारणाची जोड दिली. असे घडणे शक्य नाही असे टीकाकार म्हणत, तेव्हा ते आपली बाजू यंत्रांच्या आणि रसायनांच्या आधारे मांडत. त्यांची सगळीच यंत्रे चालली असती असे नाही. परंतु जे दिसते त्याला कारण असलेच पाहिजे, ही सवय त्यांनी वाचकाला लावली.

आता भाषेकडे वळू. त्या काळी संयुक्त प्रांतात कचेरीची भाषा उर्दू होती, लिपी फारसी. सरकारी नोकरीची आस असलेला हिंदू मुलगाही फारसी लिपीच शिके. व्यापारी आपल्या वह्या कैथी किंवा महाजनी अक्षरांत लिहीत. नागरी अक्षरांचा संबंध प्रामुख्याने पोथ्यांशी. सन १८९३ मध्ये काशीत काही शाळकरी विद्यार्थ्यांनी नागरी प्रचारिणी सभा स्थापन केली. त्यांत श्यामसुंदर दास होते. मदनमोहन मालवीय यांच्या पुढाकाराने सरकारकडे हजारो सह्यांचा अर्ज गेला आणि १९०० मध्ये कचेऱ्यांत नागरीला फारसी लिपीच्या बरोबरीने प्रवेश मिळाला. हा इतिहास अभिमानाने सांगितला जातो आणि तो सांगितलाही पाहिजे. पण अर्जाने लिपीला कचेरीत जागा मिळते, घरात मिळत नाही. लिपी शिकण्याचे कष्ट माणूस घेतो ते तिच्यात काहीतरी हवेहवेसे लिहिलेले असते म्हणून. सभा स्थापन होण्याच्या पाचेक वर्षे आधीच 'चंद्रकांता' बाजारात आली होती. केवळ ती वाचता यावी म्हणून उर्दू जाणणाऱ्या कित्येकांनी नागरी अक्षरे शिकून घेतली, ही गोष्ट हिंदीच्या इतिहासकारांनी नोंदवून ठेवली आहे. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनी वाचणाऱ्याभोवती बसून ती ऐकली.

यासाठी खत्रींनी भाषाही विचारपूर्वक निवडली होती. एका बाजूला संस्कृतप्रचुर हिंदी होती, दुसऱ्या बाजूला फारसीने जड झालेली उर्दू. त्यांनी बाजारात, घरात, प्रवासात बोलली जाणारी भाषा घेतली. तिच्यात उर्दू शब्द मोकळेपणाने येतात, वाक्ये लहान असतात आणि अर्थासाठी कुठे थांबावे लागत नाही. त्यांच्या प्रकरणांना नावही 'बयान' असे आहे, म्हणजे जबानी, हकिगत. पुढच्या लेखनात हिंदी शब्दांचे प्रमाण हळूहळू वाढत गेले. वाचकाला हाताशी धरून त्यांनी त्याला एक-एक पायरी पुढे नेले. आपल्या भाषेमागच्या या धोरणाचा खुलासा त्यांनी पुढच्या कादंबरीच्या अखेरीस केलेला आहे. म्हणजे हे यश केवळ नशिबाचे नव्हते.

'चंद्रकांता'च्या यशानंतर 'चंद्रकांता संतति' आली. ही वीरेंद्रसिंहाच्या इंद्रजितसिंह आणि आनंदसिंह या मुलांची कथा. ती वाढत वाढत चोवीस भागांपर्यंत गेली आणि तिच्या लेखनात कित्येक वर्षे गेली. पुढचा भाग केव्हा निघतो याची वाचक वाट पाहत. सन १८९८ मध्ये देवकीनंदनांनी काशीत स्वतःचा 'लहरी' छापखाना काढला. लेखक, मुद्रक आणि प्रकाशक तेच. १९०० साली त्यांनी माधवप्रसाद मिश्र यांच्या संपादकत्वाखाली 'सुदर्शन' नावाचे मासिकही सुरू केले, परंतु ते फार काळ टिकले नाही. 'नरेंद्रमोहिनी', 'कुसुमकुमारी', 'वीरेंद्रवीर', 'काजर की कोठरी' या त्यांच्या इतर कादंबऱ्या. त्यांच्यामागोमाग तिलिस्मी कादंबऱ्यांचे पेवच फुटले. गोपालराम गहमरी यांनी १९०० मध्ये 'जासूस' हे मासिक काढून हिंदी रहस्यकथेला वेगळी वाट दिली, तीही याच तयार झालेल्या जमिनीवर.

या लेखनात उणिवा नाहीत असे कोण म्हणेल? वीरेंद्रसिंह आणि चंद्रकांता ही पात्रे चित्रातल्यासारखी सपाट आहेत. बेशुद्ध करणे आणि शुद्धीवर आणणे याची इतकी पुनरावृत्ती होते, की वाचक कंटाळतो. चोवीस भागांत धागे इतके गुंततात, की ते सोडवताना लेखकाचीही दमछाक झालेली दिसते. पण याच गुंत्यातून त्यांच्या हातून एक खरा माणूस निर्माण झाला. तो म्हणजे भूतनाथ. हा अत्यंत हुशार ऐयार आहे, पण त्याच्या मागे जुनी पापे आहेत. ती उघडकीस येतील या भीतीने तो सतत पोळत असतो आणि चांगले काम करून नाव मिळवावे, अशी धडपडही करतो. तिलिस्माच्या भिंतींपेक्षा या माणसाच्या मनातली भुयारे अधिक खोल आहेत. खत्रींना ते जाणवले असावे, कारण पुढे त्यांनी 'भूतनाथ' ही स्वतंत्र कादंबरी लिहायला घेतली. तिचे सहा भाग झाले आणि १ ऑगस्ट १९१३ रोजी काशीत त्यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न. त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी उरलेले पंधरा भाग लिहून कादंबरी पूर्ण केली आणि पुढे स्वतःही लोकप्रिय कादंबरीकार म्हणून नाव मिळवले.

समीक्षेचा निवाडा कडक होता. १९२९च्या आपल्या 'हिंदी साहित्य का इतिहास'मध्ये आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी असा अभिप्राय दिला, की या कादंबऱ्यांत घटनांचे वैचित्र्य आहे, रस आणि स्वभावचित्रण नाही, म्हणून त्या साहित्याच्या कोटीत येत नाहीत. पण तेच शुक्लजी हेही मान्य करतात, की हिंदीला जितके वाचक यांनी मिळवून दिले तितके दुसऱ्या कोणीही नाही आणि यांच्या कादंबऱ्या वाचता वाचता कित्येक जण पुढे लेखक झाले. एकाच लेखकाला दाराबाहेर उभे करायचे आणि घर त्यानेच बांधले हेही सांगायचे, असा हा निवाडा आहे. उर्दूत लिहिणारे प्रेमचंद पुढे हिंदीकडे वळले आणि १९१८-१९च्या सुमारास त्यांचे 'सेवासदन' हिंदीत आले, तेव्हा कादंबरीची सवय झालेला मोठा वाचकवर्ग त्यांच्यासमोर होता. तो आकाशातून पडला नव्हता.

मराठीत हाच प्रवास थोडा निराळा झाला. 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' यांचा अद्भुतरम्य काळ इथे आधी येऊन गेला होता, आणि हिंदीत 'चंद्रकांता'चा बोलबाला होत होता त्याच सुमारास, १८९० मध्ये, हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' सुरू करून वाचकाला वास्तवाकडे वळवले. पण आपल्याकडेही बाबुराव अर्नाळकरांच्या झुंझार आणि काळापहाड यांनी पिढ्यान् पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. त्यांचा उल्लेख वर्गात किती वेळा होतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

सन १९९४ मध्ये दूरदर्शनवर 'चंद्रकांता' मालिका आली. तिने मूळ कथेत पुष्कळ फेरफार केले, पण मूळ लेखन होऊन शंभर वर्षे उलटल्यावरही या नावाची मोहिनी कायम आहे, हे तिच्या लोकप्रियतेने दाखवून दिले.

देवकीनंदन खत्रींना थोर कलावंत ठरवण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. तुकड्या पाडून पाहिले, तर त्यांच्या कादंबऱ्या शुक्लजींच्या कसोटीला खरोखरच उतरत नाहीत. प्रश्न एवढाच आहे, की कसोटी एकच असावी काय? एखाद्या ग्रंथाने भाषेला काय दिले हे मोजताना त्याने किती जणांच्या हाती पहिले पुस्तक दिले, हे मोजायचे की नाही? ज्याने पहिले पुस्तक 'चंद्रकांता' वाचले, त्याने दुसरे कदाचित 'गोदान' वाचले असेल. त्या वाचकाचे नाव कुठल्याच इतिहासात नाही. पण वाङ्मयाचा इतिहास शिकताना आपण त्याची आठवण ठेवली, तर जंगलाचा ठेका गमावलेल्या त्या माणसाचे ऋण थोडेसे तरी फिटेल.