विश्लेषण : गावच्या शाळेचा खर्च कुणाचा? नामदार गोखल्यांचे ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलेले विधेयक

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेत डोकावले, तर तीन सरकारे एकाच वर्गात बसलेली दिसतात. इमारत जिल्हा परिषदेची, गुरुजींचा पगार राज्याचा आणि दुपारच्या खिचडीचा तांदूळ केंद्राचा. या तिघांपैकी शाळेची अंतिम जबाबदारी कुणाची? हा प्रश्न देशाच्या कायदेमंडळात पहिल्यांदा विधेयकाच्या रूपाने मांडला तो नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी, १९११ मध्ये. विधेयक पडले, पण प्रश्न अजून संपलेला नाही.

इंदापूरशी याचा संबंध काय?

ब्रिटिशांच्या काळात गावच्या शाळेचा पैसा मुख्यतः शेतसाऱ्याशी बांधलेला होता. मुंबई इलाख्यात ज्या पद्धतीने शेतसारा ठरू लागला, ती जमीन मोजणी आणि आकारणी गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ मध्ये इंदापुरातून सुरू केली. आधीची प्रिंगल यांची आकारणी शेतकऱ्याला झेपणारी नव्हती, म्हणून ती मोडीत काढावी लागली होती.

१८६० च्या दशकात या साऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकलफंड लागू झाला. त्यातील एक तृतीयांश रक्कम शिक्षणासाठी होती. म्हणजे इंदापूरचा दुष्काळी पट्ट्यातील शेतकरी तेव्हाही शिक्षणाचा उपकर भरत होता. मात्र पैसे भरणाऱ्या सगळ्यांची मुले शाळेत नव्हती. शेतकऱ्याच्या पैशावर वरच्या वर्गांचे शिक्षण चालते, ही तक्रार महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केली आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणीही केली. सरकारने ती मानली नाही.

गोखले कोण होते?

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील कागल येथे नोकरीला होते. गोपाळ १३ वर्षांचा असताना ते वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून १५ रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये धाकट्या भावाला शिक्षणासाठी पाठवले. शाळेचा खर्च म्हणजे घरातल्या कुणाचे तरी शिक्षण थांबणे, हे गोखल्यांनी स्वतःच्याच घरात पाहिले होते.

१८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बीए झाल्यावर ते पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवले. अंकगणिताचे त्यांचे पाठ्यपुस्तक खूप चालले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी अहवाल आणि अंदाजपत्रके वाचण्याची शिस्त लावून घेतली. ही शिस्त आयुष्यभर त्यांच्या कामी आली.

शिक्षक कायदेमंडळात काय करत होता?

१८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळात गेले. १९०१ मध्ये शेतजमिनीच्या कायद्यातील दुरुस्ती शेतकऱ्यांच्या हिताची नाही म्हणून फिरोजशहा मेहतांसह त्यांनी सभात्याग केला. १९०२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात निवडून आले आणि त्याच वर्षी अंदाजपत्रकावरील पहिल्याच भाषणाने गाजले.

त्यांचे गणित साधे होते. सरकार दरवर्षी शिल्लक दाखवते, पण ही शिल्लक सुबत्तेची नाही, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची आहे. त्यामुळे एक तर मिठावरचा कर कमी करा, नाही तर तो पैसा शिक्षणावर घाला. पुढच्या काही वर्षांत मिठावरचा कर टप्प्याटप्प्याने कमी झाला. शिक्षणाचे मात्र अडून राहिले.

१९०५ मध्ये गोखले काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. मार्च १९१० मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला. त्याच वर्षी भारत सरकारचे स्वतंत्र शिक्षण खाते सुरू झाले, पण सक्तीवर निर्णय झाला नाही. अखेर १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी स्वतःच विधेयक आणले. त्या वेळी शाळेत जाणाऱ्यांचे लोकसंख्येतील प्रमाण दोन टक्केही नव्हते. दुसरीकडे बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्ती लागू केली होती. एका संस्थानाला जे जमते ते भारत सरकारला का जमू नये, हा गोखल्यांचा सवाल होता.

विधेयकात नेमके काय होते?

- सक्ती देशभर एकदम नाही. नगरपालिका किंवा जिल्हा बोर्डाने ठरवायचे, सरकारने मंजुरी द्यायची.
- त्या भागातील ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत असली पाहिजेत. गोखल्यांच्या मनात हे प्रमाण ३३ टक्के होते.
- वय ६ ते १० वर्षे. सुरुवात मुलग्यांपासून, मुलींना सक्ती नंतर.
- महिना १० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांना फी माफ.
- स्थानिक संस्थेला शिक्षण उपकर लावण्याची मुभा. खर्चाचा अंदाजे दोन तृतीयांश वाटा सरकारचा, एक तृतीयांश स्थानिक संस्थेचा.

बारामतीला १८६५ पासून नगरपालिका होती. विधेयक मंजूर झाले असते, तर बारामती शहराला स्वतःचा निर्णय घेता आला असता. इंदापूरच्या गावांना मात्र जिल्हा बोर्डाकडे पाहावे लागले असते. शिवाय एक तृतीयांश मुले आधीच शाळेत हवीत, ही अट कोरडवाहू गावांना जड गेली असती. जिथे शाळेची गरज जास्त, तिथेच सक्ती उशिरा पोहोचणार होती. मुलींना मागे ठेवणे ही या विधेयकाची दुसरी मर्यादा. विधेयक पास व्हावे, म्हणून गोखल्यांनी ते मुद्दामच बेताचे ठेवले होते.

तरीही विरोध का झाला?

विधेयक प्रांतिक सरकारांकडे मत मागवण्यासाठी गेले. बहुतेकांनी विरोध केला. लोकांची मागणी नाही, वेळ आलेली नाही, स्थानिक संस्था नवा कर लावणार नाहीत, अशी कारणे दिली गेली. जमीनदार सदस्यही विरोधात होते. मदनमोहन मालवीय आणि महंमद अली जिना यांनी पाठिंबा दिला. १८ आणि १९ मार्च १९१२ रोजी चर्चा झाली. मतदान विधेयक मंजूर करण्यावर नव्हते, ते चिकित्सा समितीकडे पाठवावे की नाही एवढ्यावरच होते. तेही ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. सरकारी सदस्यांची मते निर्णायक ठरली.

गोखल्यांना पराभवाचा अंदाज होता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुढे काय झाले?

- १९१७ : राजर्षी शाहू महाराजांचा कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा आदेश.
- १९१८ : विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी कायदा. १९२३ च्या कायद्याने ग्रामीण भागही कक्षेत.
- १९१९ : नव्या सुधारणांनुसार शिक्षण प्रांतांकडे.
- १९५० : राज्यघटनेत १४ वर्षांपर्यंत मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे मार्गदर्शक तत्त्व. मुदत १० वर्षे, ती पाळली गेली नाही.
- १९७६ : ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडे.
- २००२ : शिक्षण हा मूलभूत हक्क. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयोगटातील मुला-मुलींसाठी.

आज वाटणी कशी आहे?

समग्र शिक्षा योजनेत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के आहे. शिक्षकांच्या पगाराचा मोठा भार मात्र राज्यावर आहे. लोकलफंडाच्या जागी आता प्राप्तिकरावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आहे. बारामती एमआयडीसीतील पगारदारही तो भरतो. फरक एवढाच, की पूर्वीचा उपकर जिल्ह्यात राहत असे, आताचा केंद्राच्या तिजोरीत जातो.

२० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार राज्याने २०२३ मध्ये पुढे आणला, तेव्हा वाडी-वस्तीवरच्या पालकांपुढे पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. मुलाला शाळेत पाठवण्याची सक्ती सरकार करत असेल, तर शाळा मुलाच्या आवाक्यात ठेवण्याचा खर्चही सरकारनेच उचलला पाहिजे. गोखल्यांनी दोन तृतीयांशचे गणित मांडले होते, ते याच तत्त्वावर.