कल्याणची डॉक्टरीण

कल्याण-डोंबिवलीत आज कोणत्याही गल्लीत शिरलं, तरी एखाद्या डॉक्टरीणबाईंची पाटी दिसतेच. ताप, खोकला, मुलांच्या लसी, सुनेचं बाळंतपण, सगळ्यासाठी त्याच. दीडशे वर्षांपूर्वी याच कल्याणात एका मुलीला अशा डॉक्टरची फार गरज होती आणि अशी डॉक्टर तेव्हा नव्हती.

ती मुलगी म्हणजे यमुना जोशी. जन्म ३१ मार्च १८६५. घराणं कल्याणातलं, एकेकाळी जमीनजुमला असलेलं, पण तोवर उतरतीला लागलेलं. नवव्या वर्षी तिचं लग्न टपाल खात्यात कारकून असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झालं. ते बिजवर आणि वयानं कितीतरी मोठे. लग्नानंतर ती आनंदी झाली. बायकोनं शिकलंच पाहिजे, हा गोपाळरावांचा हट्ट. त्यांना त्याचं श्रेय द्यायलाच हवं, पण त्या हट्टापायी ते लहानग्या बायकोला मारझोड करत, हेही विसरू नये. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी हे त्यांना स्पष्टपणे ऐकवलं आहे.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या वयात शरीराचीच वाढ पुरी झालेली नसते. आईला रक्तक्षय, बाळ कमी वजनाचं, हा धोका आजही अल्पवयीन मातांना असतो. तेव्हा त्यावर आणखी भर होती ती अस्वच्छ बाळंतपणाची. नाळ कापण्याचं हत्यार उकळून घ्यायची पद्धत नव्हती. धनुर्वातानं अर्भकं दगावत, सूतिकाज्वरानं आया. हात धुतल्यानं सूतिकाज्वर टळतो, हे व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच दाखवलं होतं. पण ते कल्याणच्या माजघरापर्यंत आणणार कोण? पुरुष डॉक्टरला बायका दाखवत नसत. बायकांसाठी बाई डॉक्टर हवी, हे आनंदीबाईंच्या मनानं त्या दुःखानंतर घेतलं.

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या : अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर (बंगालमधलं). बायकोच्या शिक्षणासाठी त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिथल्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी ते दंतवैद्याकडे वाट बघत बसल्या असताना वाचलं, आणि आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. योगायोग म्हणावा तर असा! आनंदीबाईंची प्रकृती तेव्हाही धड नव्हती. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा कायमचाच. कार्पेंटरबाई तिकडून औषधं पाठवत.

फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी आपण परदेशी का जातो, हे जाहीर भाषणात सांगितलं. वय अठरासुद्धा पुरं नव्हतं. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या नवऱ्याशिवाय बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. कडाक्याची थंडी, साडी नेसायचा आणि शाकाहाराचा नेम, अभ्यासाचा ताण. अंग खंगत गेलं. तरी प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. ११ मार्च १८८६ रोजी एम.डी.ची पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

आजार होता क्षयाचा. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या आदल्या वर्षी, शोधला होता. शत्रू कोण ते कळलं होतं, शस्त्र मात्र नव्हतं. क्षयाचा जंतू खोकल्यातून पसरतो, शरीरात शिरून वर्षानुवर्षं निपचित पडून राहू शकतो आणि माणूस उपासमारीनं किंवा दगदगीनं खचला की डोकं वर काढतो. त्यावरचं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडलं. आज साध्या क्षयाचा रोगी सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. आनंदीबाईंच्या हाती होतं ते चांगलंचुंगलं खाणं, विश्रांती आणि हवापालट, आणि यातलं पहिलं-दुसरं त्यांना कधी पुरेसं लाभलंच नाही.

कोल्हापूर संस्थानानं त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, स्त्री-विभागाची प्रमुख नेमलं होतं. ज्या गावात त्या एकेकाळी टपाल कारकुनाची बायको म्हणून राहिल्या, तिथेच डॉक्टर म्हणून जायचं होतं. १८८६ च्या नोव्हेंबरमध्ये त्या मुंबईला उतरल्या त्या अंथरुणाला खिळण्याच्या बेतात. कोल्हापूरला जाऊन रुजू होणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिनाभर उरला होता.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, कल्याणच्या या लेकीच्या नावाचा दगड आजही आहे.