लक्ष्मणराव किर्लोस्कर : टिकणाऱ्या उद्योगाचा वस्तुपाठ

आज आपल्या कणकवलीतही मोबाईलवरून शेअर घेणारे विद्यार्थी आढळतात. काही घरांत तर वडिलांच्या निवृत्तीचा पैसाही कुणाच्या तरी सांगण्यावरून बाजारात जातो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला एक प्रश्न सतावतो : वीस-तीस वर्षे टिकेल अशी कंपनी ओळखावी कशी? प्रतिस्पर्ध्याला सहज ओलांडता न येणाऱ्या बळाला बाजारातील जाणकार कंपनीचा ‘खंदक’ म्हणतात. तो कसा खणला जातो हे पाहण्यासाठी मी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र अभ्यासाला घेतले.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंग नीट ओळखता येत नसल्याने ती वाट सोडावी लागली. मग यांत्रिक रेखाटन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. इकडे बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह १८८८ साली सायकलींचे दुकान सुरू झाले होते. नोकरीत बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणराव मुंबई सोडून बेळगावी आले.

कडबा कापण्याच्या यंत्रानंतर त्यांनी लोखंडी नांगर केला. पण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्या वेळी केवळ विक्रीचे आकडे पाहणाऱ्याने हा धंदा बुडीत ठरवला असता! मला मात्र खंदक तेथेच खणला गेला असे वाटते. नांगराची नक्कल कोणीही करू शकतो; शेतकऱ्याचा विश्वास संपादन करायला लागलेली वर्षे कोणाला उसनी मिळत नाहीत. शिवाय फाळ झिजणारच. तो बदलून देणारा कारखाना आपल्याच मुलखात असला की शेतकरी परदेशी नांगराकडे कशाला वळेल?

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. १९१० साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन व कर्ज दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड दुर्मिळ झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या व त्यांचे नांगर झाले. १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ मर्यादित कंपनी झाली. म्हणजे सायकलींच्या दुकानापासून मोजले तर ३२ वर्षांची पुण्याई तिच्या पाठीशी होती.

पण जुन्या पुण्याईवर किती दिवस निघणार? नांगराच्या जोडीला पंप आले; १९४६ साली पुण्यात तेल इंजिनांची व बंगलोरला विजेच्या यंत्रांची स्वतंत्र कंपनी निघाली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. पुढे ट्रॅक्टर आले, बैलांचा नांगर मागे पडला. किर्लोस्करांचे पंप आजही चालतात.

आपल्या जिल्ह्यालाच नाव देणारा सिंधुदुर्ग पाहा. शिवरायांनी १६६४ साली त्याचा पाया घातला. साक्षात समुद्र त्याचा खंदक! तरीही १७६५ साली इंग्रजांनी तो घेतला. समुद्र होता तेथेच होता. उद्योगाचेही तसेच आहे. खंदक राखणारी माणसे हवीत आणि तो पिढीगणिक नव्याने खणावा लागतो.

तेव्हा मित्रहो, शेअर घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. या कंपनीवाचून गिऱ्हाइकाचे अडते का? तिची नक्कल करायला इतरांना किती वर्षे लागतील? तिचा आजचा ‘नांगर’ उद्या निरुपयोगी झाला, तर तिच्यापाशी दुसरे काय आहे? आणि चांगल्या कंपनीसाठीही आपण भलतीच किंमत तर मोजत नाही ना? उत्तरे शोधायला वेळ लागेल. पण वडिलांच्या आयुष्यभराच्या कमाईसाठी तेवढा वेळ देणे हे आपले कर्तव्यच नव्हे काय?