आपले घर, आपले हात

विद्यार्थी मित्रांनो, शाळा सुटली की तुम्ही घरी जाता. पण ज्याचे घरच राहिले नाही, त्याने कोठे जावे? १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंची लाखो माणसे अशी बेघर झाली. त्यांच्यासाठी झटणाऱ्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांची ही हकीकत वाचा.

कमलादेवींचा जन्म १९०३ साली मंगळूर येथे झाला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्या मुंबईत आघाडीवर होत्या. त्यांनी तुरुंगवासही सोसला.

फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेले हजारो निर्वासित छावण्यांत राहत होते. फुकटचे अन्न किती दिवस खाणार? त्यांना काम हवे होते, मान हवा होता. म्हणून कमलादेवींनी १९४८ मध्ये इंडियन कोऑपरेटिव्ह युनियन ही सहकारी संस्था काढली.

पुढे दिल्लीजवळ फरिदाबाद येथे निर्वासितांसाठी नवे शहर वसवायचे ठरले. त्यासाठी सरकारने मंडळ नेमले. राजेंद्र प्रसाद त्याचे अध्यक्ष होते. पैसा सरकारचा होता; पण घरे कोणी बांधायची, यावर वाद झाला. सरकारचे बांधकाम खाते म्हणे, आम्ही बांधू. निर्वासित म्हणत, आमची घरे आम्हीच बांधू. त्यांनी पंतप्रधान नेहरूंपुढे निदर्शने केली. अखेर तडजोड झाली. सुमारे ४० टक्के घरे निर्वासितांनी बांधावीत आणि बाकीची खात्याने, असे ठरले.

तुम्हांला वाटेल, घर मिळाले की काम संपले. तसे नाही. घर चालवायला रोजगार लागतो. कमलादेवींच्या संस्थेने लोकांच्या सहकारी संस्था उभ्या केल्या, दुकाने आणि लहान उद्योग सुरू करून दिले. पैसा आणि यंत्रे सरकारने दिली, एकत्र काम करण्याची सवय संस्थेने लावली आणि घाम निर्वासितांनी गाळला. तिघांपैकी एकही मागे राहता, तर हे शहर उभे राहिले नसते.

नंतर कमलादेवींनी देशभरातील हस्तकलांसाठी आयुष्य वेचले. १९६६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली त्यांचे निधन झाले. मुलांनो, बेघर माणसाला छप्पर तर द्यावेच. पण ते उभारण्यात त्याचाही हात असू द्यावा, हे त्यांच्या कामातून आपण शिकावे.