दोनच अंकांचे गणित

गॉटफ्रीड विल्हेल्म लायब्निझ याचा जन्म इ. स. १६४६ मध्ये जर्मनीतील लाइपझिग या नगरीत झाला. त्याचे वडील तेथील विश्वविद्यालयात प्राध्यापक होते. गॉटफ्रीड सहा वर्षांचा असतानाच पित्याचे छत्र हरपले. मागे राहिला तो त्यांचा ग्रंथसंग्रह. पुस्तकांतील चित्रे पाहून शब्दांचे अर्थ ताडीत हा बालक बहुतांशी स्वतःच लॅटिन भाषा शिकला.

१६७२ साली तो राजकार्यासाठी पॅरिसला गेला. विद्वानांचा वेळ आकडेमोडीत वाया जावा, हे त्याला रुचत नसे. पास्कलचे यंत्र बेरीज-वजाबाकी करी. लायब्निझने गुणाकार-भागाकारही करणारे यंत्र योजिले आणि १६७३ साली त्याचा नमुना लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. नमुना अपुरा होता, हेही खरे. परंतु त्याची याहून थोर कल्पना वेगळीच होती.

आपण शून्यासह दहा अंकांनी संख्या लिहितो. ही रीत भारतीयांची. अरबांच्या द्वारे ती युरोपात पोहोचली. तिच्यात एकं, दहं, शतं ही स्थाने दसपटीने वाढतात. लायब्निझने १ व ० हे दोनच अंक ठेविले आणि स्थाने दुपटीने वाढविली : १, २, ४, ८, १६. मग दोन ही संख्या १० अशी, तीन ११ अशी आणि चार १०० अशी लिहावी लागते. तेरा म्हणजे आठ, चार व एक. दोनाचे स्थान रिकामे. म्हणून तेरा झाले ११०१. या रीतीत पाढे पाठ करावे लागत नाहीत. पाढ्यांना कंटाळलेल्या मुलांना हे ऐकून आनंद होईल. पण शंभर लिहावयास सात अंक लागतात, हेही त्यांनी ध्यानी घ्यावे.

१६७९ च्या एका टिपणात त्याने या रीतीने चालणारे यंत्रही वर्णिले. एका पेटीला ओळीने छिद्रे. छिद्र उघडे असले की १, मिटलेले असले की ०. उघड्या छिद्रांतून गोट्या खालच्या पन्हळींत पडाव्यात आणि त्यांच्या योगे हिशेब व्हावा. हे यंत्र त्याने घडविले मात्र नाही.

१७०१ साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे या गणितावर निबंध पाठविला. त्याचा उपयोग काय, अशी शंका तेथे निघाली व निबंध छापला गेला नाही. लायब्निझने धीर सोडला नाही. पुढे चीनमधील बूवे नामक धर्मोपदेशकाने त्याला तेथील प्राचीन ग्रंथातील चौसष्ट आकृती धाडल्या. प्रत्येक आकृतीत सहा रेघा. काही अखंड, काही तुटक. अखंड रेघ १ व तुटक रेघ ० मानली, तर शून्यापासून त्रेसष्टपर्यंतच्या संख्या मिळतात, हे पाहून तो हरखून गेला. १७०३ साली त्याने नवा निबंध पाठविला, आणि तो अकादमीने स्वीकारला.

१७१६ साली हॅनोव्हर येथे त्याचे निधन झाले. पन्नासांहून अधिक वर्षे त्याच्या थडग्यावर नावही नव्हते. विसाव्या शतकात विजेचे संगणक निर्माण झाले आणि लवकरच त्यांनी हेच दोन अंक पत्करले. गोट्यांच्या छिद्रांच्या जागी विजेच्या उघडझाप करणाऱ्या कळा आल्या.