ज्योतिर्गणिती वेंकटेश बापूजी केतकर

मनुष्याच्या हातून आयुष्यात अनेक कामे होतात. परंतु त्यांपैकी खरे मोलाचे कोणते, हे काम चालू असता त्याचे त्यालाही पुष्कळदा कळत नाही. ज्या कामाची वाहवा होते ते काही वर्षांनी मागे पडते, आणि ज्याकडे कोणी फारसे पाहिलेही नाही असे एखादे रुक्ष काम पिढ्यान् पिढ्या लोकांच्या उपयोगी पडत राहते. हल्ली संगणकासाठी आज्ञावली लिहिण्यात ज्यांचा जन्म गेला, असे लोक उतारवयात आपल्या कामाचा हिशेब घेऊ लागले म्हणजे त्यांसही हाच प्रश्न पडतो. एकाने विचार करून हिशेबाच्या पायऱ्या क्रमवार लिहून ठेवाव्या आणि त्या विषयाचे सखोल ज्ञान नसणाऱ्या हजारोंनी त्यांवरून बिनचूक उत्तर काढावे, हे त्या धंद्याचे सार होय. संगणकाचा जन्म होण्यापूर्वी हेच काम आपल्या शेजारच्या प्रांतातील एका शिक्षकाने कागद आणि लेखणी एवढ्याच सामग्रीवर केले. त्यांचे चरित्र म्हणूनच विद्यार्थ्यांनी अवश्य वाचण्यासारखे आहे.

वेंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म १८ जानेवारी १८५४ रोजी नरगुंद येथे झाला. नरगुंद हे त्या वेळी भावे घराण्याचे लहानसे संस्थान होते. १८५८ साली तेथील अधिपती बाबासाहेब भावे यांनी इंग्रज सरकाराविरुद्ध शस्त्र उचलले. त्यांस बेळगाव येथे फाशी देण्यात आली व संस्थान खालसा झाले. केतकर तेव्हा अवघे चार वर्षांचे होते. घरात शास्त्री परंपरा असल्यामुळे ज्योतिषाची गोडी त्यांस लहानपणीच लागली. १८७४ पासून त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. पुढे बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे ते मुख्याध्यापक झाले, आणि त्यांचे अखेरचे दिवस विजापुरास गेले. हा सारा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. हाताशी मोठी वेधशाळा नाही, मदतीस गणकांचा ताफा नाही. शाळेचा व्याप सांभाळून जो वेळ उरेल, तेवढाच त्यांच्या विद्येच्या वाट्यास येणार होता.

त्यांनी हाती घेतलेले काम समजण्यासाठी त्या वेळच्या पंचांगाची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. महाराष्ट्रात पंचांगाचे गणित मुख्यत्वे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत असे. हा ग्रंथ शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० मधील. ज्या आणि चाप यांचा खटाटोप टाळून ग्रहांची स्थाने सोप्या रीतीने काढण्याची त्यातील युक्ती मोठी चतुराईची होती, आणि म्हणूनच तो सर्वत्र मान्य झाला. पण गतीच्या मानात अगदी सूक्ष्म चूक असली, तरी ती वर्षानुवर्षे साठत जाते. साडेतीनशे वर्षांनंतर पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह यांचा मेळ बसेनासा झाला. अशी अडचण एकट्या हिंदूंवरच आली असे नाही. ईस्टरचा दिवस ठरविण्यासाठी ख्रिस्ती मंडळी ज्या कालगणनेवर अवलंबून होती, तीतही अशीच चूक साठून राहिली होती. आणि ती काढून टाकण्यासाठी १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी तारखांतून एकदम दहा दिवस गाळले.

तिथीचेच उदाहरण घेऊ. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला म्हणजे एक तिथी पुरी होते. चंद्राची गती सदा सारखी नसल्यामुळे तिथीही कमीजास्त होते. जुन्या गणितात चंद्राच्या गतीस जो मुख्य संस्कार देत, तो पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास बरोबर लागू पडे. म्हणून ग्रहणे बऱ्याच अंशी जुळत. परंतु अष्टमीच्या आसपास चंद्राचे स्थान दोन-अडीच अंशांपर्यंत चुके, आणि तिथी संपण्याची वेळ चार-पाच तासांनी पुढेमागे होई. जुन्या मताप्रमाणे तिथी फार तर ६५ घटिकांची व कमीत कमी ५४ घटिकांची असावयाची. ‘बाणवृद्धी रसक्षय’ या नावाने हा नियम प्रसिद्ध आहे. आकाशातील चंद्र मात्र ५० पासून ६७ घटिकांपर्यंतच्या तिथी दाखवितो. व्रत कोणत्या दिवशी धरावे आणि पारणे केव्हा करावे, हे ज्या समाजात तिथीवरून ठरते, तेथे हा फरक लहान नव्हे.

केतकरांच्या आधी केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ मराठीत प्रसिद्ध करून सुधारणेचा पाया घातला होता. पण पाश्चात्त्य गणितावरील कोष्टके पाठशाळेत शिकलेल्या जोशीबुवांच्या अंगवळणी कशी पडावी? केतकरांनी नेमकी ही अडचण ओळखली. नवे ज्ञान जुन्या भांड्यात घालून दिले तरच ते घरोघर पोहोचेल, हे त्यांनी जाणले. १८९० च्या सुमारास त्यांनी ‘ज्योतिर्गणितम्’ हा मोठा ग्रंथ संस्कृतात सिद्ध केला. नंतर ग्रहगणितासाठी ‘केतकी’ व पंचांगासाठी ‘वैजयन्ती’ हे सुटसुटीत ग्रंथ रचले. आधुनिक वेधांवरून निघालेली माने त्यांनी आपल्याकडील जुन्या परिभाषेत बसविली, आणि बेरीज-वजाबाकी येणाऱ्या मनुष्यास पायरीपायरीने उत्तर काढता यावे अशी कोष्टके तयार केली. अमुक आकडा घ्या, त्यात अमुक कोष्टकातील संस्कार मिळवा, आलेल्या उत्तरावरून पुढचे कोष्टक पाहा. या क्रमाने गेले की तिथी अचूक हाती येते. वापरणाऱ्याला हे सोपे वाटते, कारण कठीण भाग करणाऱ्याने आधीच स्वतःच्या अंगावर घेतलेला असतो. अशा कोष्टकातील एक आकडा चुकला तर तो ग्रंथ वापरणाऱ्या प्रत्येकाचे उत्तर चुकणार. म्हणून ते काम करणाऱ्यास दक्षतेवाचून गत्यंतर नसते.

दुसरा वाद राशिचक्राचा आरंभ कोठे धरावा याविषयीचा होता. रेवती नक्षत्रातील एक मंद तारा आरंभस्थान मानावा, असा एक पक्ष होता. छत्रे यांनी तो स्वीकारला होता आणि लोकमान्य टिळकांसारखे थोर पुरुष त्या पक्षाचे पुरस्कर्ते होते. केतकरांनी चित्रा या तेजस्वी ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू हेच आरंभस्थान होय, असे प्रतिपादन केले. या दोन मतांत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. तेवढ्याने संक्रांत चार दिवस पुढेमागे होते. आणि एखाद्या वर्षी अधिक मास निराळा आला म्हणजे दिवाळीसारखा सण चक्क महिनाभर सरकतो. टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या आसपास का येते, याचे कारण हेच. समोर केवढाही मोठा मनुष्य असला तरी गणिताच्या प्रश्नाचे उत्तर गणितानेच द्यावयाचे, हा केतकरांचा बाणा होता. कालांतराने चित्रापक्षच बहुमान्य झाला. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिने १९५५ साली आपला अहवाल दिला, आणि निरयन गणनेसाठी चित्रापक्षास अनुसरणारे मानच स्वीकारले. आज कोल्हापुरात ज्या दिनदर्शिका भिंतींवर टांगलेल्या दिसतात, त्यांपैकी बहुतेकांचे गणित याच पक्षाचे असते.

तथापि केतकरांचे नाव परदेशात झाले ते निराळ्याच कारणाने. १९११ साली फ्रान्समधील ज्योतिषपरिषदेच्या पत्रिकेत त्यांचा एक लेख आला. गुरूच्या उपग्रहांच्या गतींमध्ये लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाला जी सुसंगती आढळली होती, तीच त्यांनी युरेनस, नेपच्यून आणि त्यांपलीकडील अज्ञात ग्रह यांना लावून पाहिली. त्यावरून नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावे असे अनुमान काढून त्यांनी त्यांस ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. त्यांपैकी पहिला सूर्यापासून पृथ्वीच्या ३८.९५ पट दूर असून त्याचा प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षांचा असावा, असे त्यांचे गणित होते. पुढे १९३० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉ यांस प्लूटो सापडला. त्याचे अंतर सुमारे ३९.५ पट आणि प्रदक्षिणाकाल सुमारे २४८ वर्षे निघाला! केतकर तेव्हा हयात होते. त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी विजापूर येथे त्यांचे देहावसान झाले.

ही हकीकत सांगताना अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण सत्याची चाड असणाऱ्याने तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ग्रह आकाशात कोठे दिसेल हे केतकरांनी वर्तविले नव्हते; त्यामुळे त्या अनुमानावरून दुर्बीण कोणत्या दिशेस लावावी हे कळण्याजोगे नव्हते. त्यांच्या विष्णूशी जुळणारा ग्रह कोठेच आढळला नाही. १९७८ साली प्लूटोचा उपग्रह सापडल्यावर प्लूटोचे वजन पृथ्वीच्या चारशेव्या हिश्शाहूनही कमी असल्याचे ठरले, आणि २००६ साली त्याची गणना बटुग्रहांत करण्यात आली. तेव्हा आकडे जवळ आले तो बहुतांशी योगायोगच मानावा लागतो. मात्र नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेवढ्यात प्लूटोच्या दोन होतात. म्हणजे दूरचे ग्रहही एका तालात बांधलेले असावे ही केतकरांची मूळ कल्पना अगदीच निराधार नव्हती. प्रमाण चुकले, परंतु दृष्टी वाया गेली नाही.

केतकरांच्या कामांपैकी प्लूटोची गोष्ट लोक आवडीने सांगतात, कारण तीत चमत्कार आहे. ‘केतकी’ व ‘वैजयन्ती’ यांतील आकड्यांच्या रांगांविषयी कोणी आवडीने बोलत नाही, कारण त्यांत केवळ कष्ट आहेत. पण अज्ञात ग्रहाच्या अनुमानाने कोणाचा एक दिवसही बदलला नाही, आणि त्या रुक्ष कोष्टकांनी असंख्य घरांतील सणावारांचे दिवस आकाशाशी जुळवून दिले. आज ते गणित यंत्रे क्षणार्धात करतात. तरी ती यंत्रेही कोणीतरी आधी विचारपूर्वक लिहून ठेवलेल्या पायऱ्यांवरूनच चालतात, आणि तेथेही एका आकड्याची हयगय हजारोंस भोवते.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण पुढे याच प्रकारच्या कामास लागतील. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, आपले कोणते काम टिकेल हे ठरविणे आपल्या हाती नसते; प्रत्येक काम टिकण्याच्या योग्यतेचे करणे मात्र सर्वस्वी आपल्याच हाती असते. बागलकोटच्या त्या मुख्याध्यापकांनी आपल्या आचरणाने हाच धडा घालून दिला आहे.