अरण्यातील पाठशाळा : पंडिता रमाबाई

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावे काय, हा प्रश्न अलीकडे यवतमाळात, तसाच पुसद-वणीकडेही, आपल्या ज्ञातीतील काही तरुण मातापित्यांच्या तोंडून आमच्या कानी येतो. वडीलधाऱ्यांना हे नवे खूळ वाटते. वस्तुतः ते नवे नाही. बालपणी जिने शाळेचा उंबरठा कधी ओलांडला नाही, अशा एका महाराष्ट्रीय विदुषीचे चरित्र या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत पंडिता रमाबाईंचे स्मरण करण्याचे आम्ही योजिले आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे जुन्या वळणाचे शास्त्री. पुण्यास अध्ययन करीत असता आपले गुरुजी पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले, आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी तो बेत मोडून काढला. तिच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंशी विवाह झाला, तेव्हा शास्त्रीबोवांनी पुन्हा पाठ सुरू केले. पुन्हा विरोध झाला. अखेर सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी बिऱ्हाड केले. तरीही स्त्रीला संस्कृत शिकविल्याबद्दल उडुपी येथे विद्वानांपुढे त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्राधार दाखवून त्यांनी आपली बाजू सिद्ध केली.

याच अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. विद्यार्थी आणि अतिथी यांच्या खर्चाने शास्त्रीबोवा कर्जात बुडाले होते. मूल सहा महिन्यांचे असतानाच कुटुंब तीर्थयात्रेस निघाले, आणि पुढे देवळांतून पुराण सांगणे हीच त्यांची उपजीविका झाली. बाप वृद्ध झाल्यामुळे रमाबाईंचे शिक्षण आईने हाती घेतले. स्वयंपाक, प्रवास आणि दारिद्र्य सांभाळून त्या माउलीने आठव्या वर्षापासून मुलीला व्याकरण, कोश, काव्य आणि पुराणे शिकविली. बाराव्या वर्षापर्यंत रमाबाईंना पुराणांतील १८,००० श्लोक मुखोद्गत झाले होते, असे सांगतात.

परंतु या शिक्षणाची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शास्त्रीबोवांनी मुलांना व्यवहारविद्या वा हातचा धंदा शिकविला नाही. दुष्काळात पुराण ऐकणारे उरले नाहीत, मजुरी ठाऊक नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटे. १८७४ च्या सुमारास वडील आणि त्यांच्यामागून आई उपासमारीने खंगून गेली; थोरली बहीणही गेली. उरली ती रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ही भावंडे पायी देशभर हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन रमाबाईंस पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. शाळेचा दाखला नसलेल्या मुलीला ही मान्यता मिळावी, हे आईच्या कष्टांचे फळ होय.

पुढील वृत्तान्त सुप्रसिद्ध आहे. १८८० साली बंधू निवर्तले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. १८८२ साली वैधव्य आले. त्याच वर्षी पुण्यास आर्य महिला समाज स्थापून रमाबाईंनी हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर यांची गरज मांडली. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून समाजात तीव्र मतभेद झाले; त्यांचा ऊहापोह हे या लेखाचे प्रयोजन नव्हे. अमेरिकेत त्यांनी बालोद्यानपद्धतीचा अभ्यास केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात आमच्या वऱ्हाडाला लागून असलेल्या मध्यप्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना अक्षरांबरोबर विणकाम, छपाई, शेती असे उद्योगही शिकविले गेले. उपाशी मेलेल्या आईबापांची आठवण त्यामागे असावी, असे आम्हांस वाटते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

घरी शिकलेल्या या बाईंनी अखेर इतरांच्या मुलींसाठी शाळा काढली, याचा विचार व्हावा. घर जिव्हाळा आणि सवड देऊ शकते. सोबती, हातचे कसब आणि जगात चालणारा दाखला मात्र मातापित्यांना प्रयत्नाने मिळवून द्यावा लागतो. आज ६ ते १४ वर्षांच्या बालकांना सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा आहे, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत घरी अभ्यास करून दहावीची परीक्षाही देता येते. या गोष्टींची पूर्ण माहिती घेतल्यावाचून कोणी हा मार्ग पत्करू नये.

आणि ज्ञातीचे कर्तव्य? आपल्या मंडळींपैकी कोणी मुलांना घरी शिकवीत असेल, तर त्यास उडुपीप्रमाणे जाब विचारण्यास जाऊ नये. आपल्यातील शिक्षकाने गणिताचा एखादा तास द्यावा, कारागिराने हत्यार धरावयास शिकवावे, शेजाऱ्याने आपली मुले खेळावयास पाठवावी. डोंगऱ्यांच्या बिऱ्हाडास एवढे लाभते, तर त्या माउलीस उपाशी मरावे लागले नसते.